बाकी लोखंड

कार्बन ०.१०, क्रोमियम ९, मॉलिब्डेनम १, व्हॅनेडियम ०.२०, नायोबियम ०.०८, नायट्रोजन ०.०५. बाकी लोखंड.

इतकी घट्ट विणलेली तांत्रिक ओळ माझ्या वाचनात दुसरी नाही. अमेरिकी मानकांत हिचं नाव ग्रेड ९१. बॉयलरच्या नळ्यांना टी-९१ म्हणतात, जाड पाइपांना पी-९१, आणि साइटवर बोलताना नुसतं ‘नाइन्टीवन’. पाइपाबरोबर जे टेस्ट सर्टिफिकेट येतं, ज्याला सगळे टीसी म्हणतात, त्यावर ही ओळ छापलेली असते. स्टोअरमधला माणूस हीट नंबर जुळवतो, इन्स्पेक्टर आकडे मर्यादेत आहेत ना एवढं पाहतो, सही होते आणि कागद फायलीला लागतो. ओळ तपासली जाते, वाचली जात नाही. कवितेचंही बहुतेक वेळा असंच होतं. वृत्त बरोबर निघालं की गुण मिळतात.

ही ओळ नेमकं काय करते, ते आधी पाहू. कोराडी, सोलापूर इथल्या वीजकेंद्रांतल्या ६६० मेगावॉटच्या संचांच्या पिढीत टर्बाइनकडे जाणारी मुख्य वाफ ५६५ अंशांच्या आसपास असते आणि रीहीट होऊन येणारी ५९३ च्या आसपास. या तापमानाला पाइपाने वर्षानुवर्षं दाब सोसायचा असतो. साधं कार्बन पोलाद सव्वाचारशे अंशांपुढे भरवशाचं राहत नाही. पोलादाची ऐपत मोजायची रीत अशी: ६०० अंशांना १ लाख तासांत तुटायला किती ताण लागेल? १ लाख तास म्हणजे अकरा वर्षं आणि वर पाच महिने. सव्वादोन टक्के क्रोमियमचं जुनं, विश्वासू पोलाद इथे सुमारे ३४ मेगापास्कलला तुटतं. जर्मनांचं बारा टक्के क्रोमियमवालं एक्स-२० सुमारे ५९ ला. आपली ओळ सुमारे ९० पर्यंत जाते. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर नऊ किलोचं ओझं. ऐकायला ते फार वाटत नाही. हेच पोलाद गार असताना कमीत कमी ४१५ मेगापास्कलपर्यंत कायमचं वाकत नाही, असं मानकच बजावतं. उष्णता आणि काळ मिळून किती खातात ते या दोन आकड्यांमधल्या दरीत दिसतं. जे उरतं, ते कुणी राखलं हा या वाचनाचा विषय.

तापलेल्या धातूला काय होतं? तो तुटण्याआधी लांबत जातो, कुणाला दिसणार नाही इतक्या संथपणे. एडवर्ड अँड्रेड याने १९१० साली धातूच्या तारांवर वजन टांगून ही लांबण्याची वळणं पद्धतशीर मोजली. या लांबण्याला आज सगळे क्रीप म्हणतात. पोलादाच्या स्फटिकात अणूंच्या पातळ्यांवर पातळ्या रचलेल्या असतात, पण सगळ्याच पूर्ण नसतात. एखादी पातळी मध्येच अर्ध्यात संपते. त्या अर्धवट पातळीचा काठ म्हणजे डिसलोकेशन. ताण पडला की हा काठ सरकतो आणि धातूचा आकार बदलतो. गार पोलादात वाटेत कठीण कण आला की काठ अडकतो आणि तिथेच बसतो. ६०० अंशांना तो बसत नाही. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. निरपेक्ष तापमानात मोजलं तर ६०० अंशांवर आपण वितळणबिंदूच्या जवळजवळ निम्म्यावर असतो. अणू जागा सोडून रिकाम्या जागांमधून भटकायला लागतात. अडकलेला काठ एकेक अणू सोडत वरच्या पातळीवर चढतो, अडथळा ओलांडतो आणि पुढे निघतो. पुढच्या कणापाशी पुन्हा तेच.

म्हणून या तापमानाला ‘बळ’ हा शब्द मी जरा जपून वापरतो. इथे कुठलंच मूलद्रव्य पोलादाला दणकट करत नाही. प्रत्येकजण कुणाला तरी उशीर करतो. कोण कुणाला, कुठे आणि किती काळ थोपवून धरतं, एवढाच या ओळीचा अर्थ आहे आणि तो तिच्यात पुरेपूर भरलेला आहे.

ही ओळ कोऱ्या कागदावर उमटलेली नाही. नऊ टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम हे जोडपं तेलशुद्धीकरण कारखान्यांत कितीतरी आधीपासून नांदत होतं; त्याला पी-९ म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने कम्बश्चन इंजिनिअरिंग या बॉयलर कंपनीच्या साथीने या जुन्या पाठात दुरुस्त्या केल्या. ओक रिजमधल्या या कामात विनोद सिक्का हे नाव वारंवार भेटतं. प्रयोजन कोळशाचं नव्हतं. द्रव सोडियमने थंड होणाऱ्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचं बाष्पजनित्र बनवायला पोलाद हवं होतं. टेनेसीतल्या क्लिंच रिव्हर प्रकल्पाच्या भोवती हे सगळं संशोधन चाललं होतं. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्या प्रकल्पाचा पैसा थांबवला आणि त्याच वर्षी टी-९१ ला मानकात जागा मिळाली. ज्याच्यासाठी लिहिलं तो गेला, लिहिलेलं राहिलं. मग कोळशाच्या वीजकेंद्रांनी ते उचललं.

का उचललं, हे समजायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. त्याआधी उष्णतेवरचा जालीम उपाय म्हणून लोक स्टेनलेस पोलादाकडे पाहत. फिलाडेल्फियाजवळच्या एडीस्टोन केंद्राचा पहिला संच १९६० च्या सुमारास सुरू झाला तो ६४९ अंशांच्या वाफेवर, अफाट दाबावर, जाड स्टेनलेस पाइप वापरून. आज साठ वर्षांनंतरही बहुतेक केंद्रं त्या तापमानाला पोचलेली नाहीत. पण स्टेनलेस, म्हणजे ऑस्टेनाइट जातीचं पोलाद, तापल्यावर साध्या पोलादाच्या दीडपट फुगतं आणि उष्णता मात्र सावकाश आत नेतं. जाड भिंतीची आतली बाजू तापलेली, बाहेरची अजून गार. संच चालू-बंद करताना पाइप स्वतःशीच भांडतो. एडीस्टोनला अखेर तापमान ६१० अंशांच्या आसपास खाली आणावं लागलं. त्यामुळे कमी फुगणाऱ्या, उष्णता भराभर पसरवणाऱ्या फेरिटी कुळात राहूनच उष्णतेला तोंड देणारं पोलाद हवं होतं. ओळीच्या शेवटी ‘बाकी लोखंड’ एवढं ठाम लिहिता येण्याला हे कारण आहे. सुमारे नव्वद टक्के लोखंड तसंच ठेवून, उरलेल्या दहांत काय ते साधायचं.

आता शब्द.

क्रोमियम सगळ्यात मोठ्याने बोलतं. एका टन पोलादात ते ९० किलो असतं. वाफेने पाइप आतून गंजतो, त्या गंजण्याला ते आवर घालतं. हवेत गार होतानाच पोलाद मार्टेन्साइट व्हावं, याचीही सोय करतं. पण क्रीपच्या बाबतीत या नायकाची कामगिरी वाटते तेवढी नाही. पुरावा जवळच आहे: पी-९ मध्येही क्रोमियम नऊच, मॉलिब्डेनमही एकच, तरी ६०० अंशांजवळ त्याची ताकद पी-९१ च्या निम्म्याहून कमी. वजनाने नव्वद किलो असूनही फरक पाडणारं कुणीतरी दुसरंच आहे.

कार्बन क्रोमियमला हाताशी धरून कार्बाइडचे कण बनवतो. हे कण मुख्यतः मार्टेन्साइटच्या पट्ट्यांच्या आणि जुन्या दाण्यांच्या सीमांच्या कडेने बसतात. मार्टेन्साइट म्हणजे पट्ट्यांची दाट रचना, आतून डिसलोकेशनांनी खचाखच भरलेली. उष्णतेत या पट्ट्या एकमेकींत मिसळू पाहतात, रुंद होतात, रचना विस्कटते. कडेला बसलेले कार्बाइड या सीमा सरकू देत नाहीत. हा मोठा आधार आहे, पण त्याला वय आहे. हे कण स्वतः स्थिर नसतात. लहान कण विरघळत जातात, त्यांचे अणू मोठ्यांना जाऊन मिळतात, मोठे आणखी फुगतात आणि रांगेत फटी पडतात. कणांच्या जगातला हा शुद्ध मात्स्यन्याय. कार्बन जास्त घालून कण वाढवावेत, असं कुणालाही वाटेल. एक्स-२० ने तेच केलं, ०.२० पर्यंत गेलं, आणि वेल्डिंग करणाऱ्यांच्या नाकी नऊ आले. ०.१० हा संयमाचा आकडा आहे.

मॉलिब्डेनमचा अणू लोखंडापेक्षा मोठा. तो लोखंडाच्या जाळीत बसतो तेव्हा आजूबाजूची जाळी ताणते. सरकणाऱ्या डिसलोकेशनला ही ताणलेली जागा ओढून धरते आणि अणूंचं भटकणंही मंदावतं. पुढे हजारो तासांनी हेच मॉलिब्डेनम लोखंडाशी संयुग करून बाहेर पडतं. त्याला लॅव्हेस फेज म्हणतात. ते कण झपाट्याने जाड होतात आणि जाळीतला मॉलिब्डेनम तेवढा कमी होतो. म्हणजे हा शब्द पहिल्या वाचनात एक अर्थ देतो आणि वीस वर्षांनी दुसरा. टीसीवर मात्र तो कायम ‘१’ असाच छापलेला राहतो.

मँगनीज, सिलिकॉन पोलाद बनवण्याच्या कामाचे आहेत. फॉस्फरस, गंधक शक्य तितके कमी हवेत. त्यांच्यावर थांबायचं कारण नाही.

थांबायचं आहे ते पुढच्या तिघांपाशी. टनामागे दोन किलो व्हॅनेडियम, ८०० ग्रॅम नायोबियम, ५०० ग्रॅम नायट्रोजन. त्यातला नायट्रोजन तर हवेतला वायू; एरवी पोलादवाले त्याला हुसकून लावायच्या खटपटीत असतात. इथे तो मुद्दाम, मोजून आत ठेवला आहे. ओळीचा सगळा जीव या सव्वातीन-साडेतीन किलोंत आहे, असं मी म्हणतो तेव्हा ते वाचकाला अतिशयोक्तीचं वाटेल. म्हणून जरा हिशेब करू.

वजनात पाहिलं तर व्हॅनेडियम नायट्रोजनच्या चौपट. पण अणू मोजा. व्हॅनेडियमचा अणुभार ५१, नायट्रोजनचा १४. दोन हजार ग्रॅमला ५१ ने भागलं की ३९ येतात, पाचशेला १४ ने भागलं की ३६. जवळजवळ एकास एक! आणि या दोघांचं जे संयुग होतं, व्हॅनेडियम नायट्राइड, त्यात दोघांचं प्रमाण एकास एकच असतं. ०.२० आणि ०.०५ हे दोन आकडे कागदावर परके दिसतात, आतून त्यांचं यमक जुळलेलं आहे. मानकाने दिलेल्या मर्यादा अर्थातच सैल आहेत, नायट्रोजन ०.०३ ते ०.०७ मध्ये कुठेही चालतो, पण मधला आकडा धरला की जुळणी स्पष्ट दिसते. मला या ओळीत सर्वांत जास्त आनंद देणारी जागा हीच.

हे नायट्राइडचे कण फार बारीक असतात, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या दोन ते पाचपट. कार्बाइड सीमांवर बसतात तर हे पट्ट्यांच्या आत, जिथे डिसलोकेशनं प्रत्यक्ष फिरतात तिथे पसरतात. इथे मालाचं एकूण वजन गौण आहे, दोन कणांमधलं अंतर महत्त्वाचं. माल तोच ठेवून कण जितके बारीक, तितके ते दाट आणि तितकी डिसलोकेशनला वाट अरुंद. शिवाय हे कण फुगत नाहीत. व्हॅनेडियम आणि नायोबियम लोखंडात फारच थोडे विरघळतात, त्यामुळे एका कणाकडून दुसऱ्याकडे अणू नेणारी वाहतूकच जवळपास बंद असते. कार्बाइडांना ग्रासणारा मात्स्यन्याय इथे हजारो तास पोचत नाही.

मग नायोबियम कशाला? व्हॅनेडियम आहेच की. इथे या ओळीची हुशारी दिसते. पाइप बनवताना पोलाद १,०४० ते १,०८० अंशांना तापवतात. त्या तापमानाला व्हॅनेडियम पूर्ण विरघळतं. नायोबियम पूर्ण विरघळत नाही. त्याचे काही कार्बोनायट्राइड कण तसेच राहतात आणि त्या भट्टीत पोलादाचे दाणे भरमसाठ वाढू देत नाहीत. विरघळलेला भाग नंतर पुन्हा कणरूपाने प्रकट होतो. जुन्या नायोबियम कणांच्या दोन बाजूंना व्हॅनेडियम नायट्राइडच्या पातळ पात्या फुटतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसलं तेव्हा संशोधकांनी त्यांना ‘व्ही-विंग्ज’ असं नाव देऊन टाकलं. मधे नायोबियमचा गोळा, कडेला व्हॅनेडियमचे पंख. टोकियो विद्यापीठातले तोशिओ फुजिता या कुळातल्या पोलादांवर दशकानुदशकं काम करत होते. त्यांनी व्हॅनेडियम ०.२० च्या जवळ आणि नायोबियम ०.०५ च्या जवळ ठेवावं असं दाखवलं. नायोबियम जास्त घातलं तर ते विरघळतच नाही, जाड गोळ्यांच्या रूपाने नुसतं बसून राहतं. औचित्याला काव्याचा प्राण मानणाऱ्या क्षेमेंद्राला इथे बोलायला पुष्कळ सापडलं असतं.

आता ओळीत जे नाही ते. मानकाच्या पूर्ण मजकुरात काही मूलद्रव्यांपुढे फक्त कमाल मर्यादा दिलेली असते: टायटॅनियम ०.०१, झिर्कोनियम ०.०१, निकेल ०.४०, ॲल्युमिनियम पूर्वी ०.०४ आणि नंतर ०.०२. रसिकाने इथे कान टवकारावेत. ॲल्युमिनियम पोलाद बनवताना प्राणवायू काढून टाकायला वापरतात. स्वस्त आणि सोयीचं. पण उरलेलं ॲल्युमिनियम नायट्रोजनवर झडप घालतं आणि जाड, निरुपयोगी नायट्राइड बनवतं. पुन्हा अणू मोजू. ०.०४ टक्के म्हणजे टनामागे ४०० ग्रॅम. २७ ने भागा, जवळजवळ १५. समजा नायट्रोजन मानकाच्या खालच्या टोकाला, ०.०३ वर आहे. त्याचे होतात २१. सगळं ॲल्युमिनियम नायट्रोजनला बिलगलं, तर २१ पैकी १५ गेले आणि व्हॅनेडियमच्या वाट्याला सहा राहिले. टीसी निर्दोष, सगळे आकडे मर्यादेत, आणि पोलाद आतून उपाशी. हे नुसतं कागदावरचं भय नाही. ब्रिटनमधल्या वीजकेंद्रांत पी-९१ चे काही भाग वेल्डालगत अपेक्षेपेक्षा फार आधी तडकले, आणि तपासात नायट्रोजनच्या मानाने ॲल्युमिनियम जास्त असल्याचं आढळलं. टायटॅनियम आणि झिर्कोनियमवरचा बहिष्कारही याच कारणाने. तेही नायट्रोजनचे लोभी.

एवढं जुळवूनही ओळ स्वतःहून अर्थ देत नाही. तिला म्हणावं लागतं, आणि ठरलेल्या चालीतच. नॉर्मलायझिंगला, म्हणजे १,०४० अंशांपुढच्या त्या तापवण्यात, जवळजवळ सगळं विरघळवायचं, हवेत गार करून मार्टेन्साइट मिळवायचं, मग ७३० ते ८०० अंशांना टेम्परिंग करून कण बाहेर काढायचे. हाच मजकूर भट्टीत चुकीच्या तापमानाला गेला तर टीसीवरचा एकही आकडा न बदलता मऊ, कुचकामी पोलाद हाती येतं. साइटवरच्या वेल्डिंगमध्ये तर प्रत्येक जॉइंटपाशी ही सगळी कसरत लहान प्रमाणात पुन्हा करायची असते: २०० अंशांच्या वर प्रीहीट, वेल्ड झाल्यावर मार्टेन्साइट पूर्ण व्हावं म्हणून शंभरच्या आसपास गार होऊ देणं, मग ७६० च्या जवळपास पीडब्ल्यूएचटी, म्हणजे वेल्डनंतरचं तापवणं. गार होण्याची वाट न बघता घाईने थेट ७६० वर चढवलं, तर राहिलेलं ऑस्टेनाइट नंतर, गार होताना, कोवळं मार्टेन्साइट होतं आणि ते टेम्पर न होताच पाइपात राहतं. निकेलवरची मर्यादाही इथेच समजते. निकेल आणि मँगनीज जास्त झालं की पोलादाचं रूप बदलायचं तापमान खाली येतं आणि ७६० ची भट्टी नकळत लक्ष्मणरेषा ओलांडते.

आणि तरीही वेल्डाच्या बाहेर, मूळ पाइपाला लागून असलेला एक अरुंद पट्टा अशक्तच राहतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले दाणे बारीक होतात, कण विखुरतात. क्रीपने जॉइंट जातो तो बहुधा इथे. वेल्ड धातू शाबूत, पाइप शाबूत, मधला पट्टा फाटलेला. याला टाइप फोर म्हणतात. या ओळीचा हा खरा दोष आहे, आणि गुणांच्या वर्णनात तो झाकू नये. जी रचना इतक्या नाजूक क्रमावर उभी आहे, ती तो क्रम मोडला की साध्या, ढोबळ पोलादापेक्षा जास्त गमावते. सव्वादोन टक्क्यांचं जुनं पोलाद चुका पोटात घालतं. नाइन्टीवन घालत नाही.

साइटवर माल ओळखायला पीएमआय गन असते. पाइपाला टेकवली की पडद्यावर क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, नायोबियम उमटतात. क्ष-किरणांवर चालणाऱ्या त्या यंत्राला कार्बन आणि नायट्रोजन दिसत नाहीत. ते हलके अणू त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. ज्यावर सगळं तोललेलं आहे तो शब्द, नायट्रोजन, यंत्राला वाचताच येत नाही. म्हणून अनुभवी लोक गनबरोबर हार्डनेस मोजायचं यंत्रही घेऊन फिरतात. १९० ब्रिनेलच्या खाली आकडा आला की शंका घ्यायची: रसायन बरोबर असेल, चाल चुकली आहे.

नंतरच्यांनी ही ओळ पुढे नेली. जपानमध्ये मॉलिब्डेनम अर्ध्यावर आणून पावणेदोन टक्क्यांच्या आसपास टंगस्टन घातलं, शिवाय चिमूटभर बोरॉन. हे पी-९२. ६०० अंशांना १ लाख तासांची ताकद सुमारे ११३ मेगापास्कल. सुरुवातीला अंदाज याहून बरेच चढे होते. लांब मुदतीच्या चाचण्या हाती आल्या तसे ते उतरले. दुरुस्ती म्हणून पी-९२ चांगलीच आहे. टंगस्टनचा अणू मोठा आणि मंद. बोरॉन कार्बाइडांत शिरतो आणि त्यांचं फुगणं लांबवतो. तरी मला तिच्यात मूळ ओळीची काटकसर दिसत नाही.

खरं शिकवणारी आहे ती फसलेली दुरुस्ती. ६५० अंशांकडे जायचं तर गंजण्याला जास्त विरोध हवा, म्हणून क्रोमियम बारा टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. तर्क सरळ होता. लहान मुदतीच्या चाचण्यांत पोलादं झकास दिसली. मग दहा-वीस हजार तासांपुढे त्यांची ताकद ढासळायला लागली. डेन्मार्कमध्ये जॉन हाल्ड आणि हिल्मार डॅनिएल्सन यांनी या कोसळण्याचा मागोवा घेतला. झेड फेज नावाचं एक नायट्राइड आहे, क्रोमियम, व्हॅनेडियम, नायोबियम आणि नायट्रोजन यांचं मिळून. ६०० अंशांच्या आसपास खरं स्थिर संयुग तेच. आपले सुंदर बारीक कण केवळ मधल्या काळाचे मानकरी. झेड फेज जन्मायला फार वेळ घेतं, पण क्रोमियम जास्त असेल तर लवकर जन्मतं, आणि एकदा जन्मलं की आजूबाजूचे बारीक कण खाऊन स्वतः धिप्पाड होतं. नऊ टक्क्यांना ते पिढीभर टळतं. बाराला काही वर्षांत दारात उभं राहतं. क्रोमियम ‘९’ का, याचं उत्तर ओळ लिहिली गेली तेव्हा कुणाकडे या रूपात नव्हतं. ते फसलेल्या अनुकरणांमुळे मिळालं. जुन्या कवितेचा अर्थ तिच्या नकला वाचून उलगडावा, तसा हा प्रकार. डेन्मार्कच्याच गटाने नंतर उलटा विचार केला: झेड फेज टळणारच नसेल, तर ते सुरुवातीलाच बारीक कणांच्या रूपात घडवून घ्यावं. कल्पना देखणी आहे, पण पोलाद ठिसूळ होऊ न देता ती उतरवणं कठीण जातं.

हे सगळं कळायला वेळ लागतो, शब्दशः. १९५२ मध्ये लार्सन आणि मिलर यांनी तापमान आणि वेळ एका सूत्रात बांधलं. जास्त तापमानाला कमी वेळ चाचणी करून दूरचा अंदाज बांधायची सोय झाली. बारा टक्केवाल्यांची फसगत याच सोयीने केली. जास्त तापमानाला झेड फेजचा वेग वेगळा, खालच्या तापमानाला वेगळा. सूत्राला ते माहीत नसतं. त्याला तोड एकच, खरोखर थांबणं. जपानच्या राष्ट्रीय संस्थेने, जी आता एनआयएमएस म्हणून ओळखली जाते, १९६६ पासून क्रीपच्या चाचण्या लावून ठेवल्या. तिथे एका साध्या कार्बन पोलादाचा १९६९ साली टांगलेला नमुना ४०० अंशांच्या भट्टीत चार दशकांहून जास्त काळ लटकत होता. त्याच संस्थेतल्या फुजिओ आबे यांनी पुढे बोरॉन वाढवून नायट्रोजन कमी करण्याची वाट दाखवली. दोन्ही जास्त ठेवले तर ते एकमेकांना धरून बोरॉन नायट्राइड होतात आणि दोघंही वाया जातात. म्हणून तिथे नायट्रोजनला मागे सरावं लागतं. नऊ टक्के क्रोमियम मात्र त्यांनीही सोडलं नाही.

आपल्याकडे ही ओळ तिच्या मूळ हेतूकडे परतली, ती कल्पाक्कमला. तिथल्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टीची बाष्पजनित्रं याच सुधारित ९ क्रोमियम-१ मॉलिब्डेनम पोलादाची आहेत. नळीच्या एका बाजूला तापलेलं द्रव सोडियम, दुसऱ्या बाजूला पाणी आणि वाफ. दोघांची गाठ पडली तर आग. पाण्याकडून क्लोराइड आलं तर स्टेनलेस तडकण्याचा धोका, आणि कमी क्रोमियमच्या साध्या पोलादातून सोडियम कार्बन ओढून नेणार. नायोबियम आणि व्हॅनेडियमने कार्बनला बांधून ठेवलेलं असल्यामुळे इथेही तेच दोन शब्द कामाला येतात, यावेळी वेगळ्या अर्थाने. क्लिंच रिव्हरसाठी लिहिलेला मजकूर बंगालच्या उपसागराच्या काठी अशा रीतीने वापरला गेला.

अलीकडे मानकात या पोलादाची सुधारित आवृत्ती आली आहे, ‘टाइप टू’ या नावाने. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर संपादकांनी काय बदललं हे पाहण्यासारखं आहे. नवं मूलद्रव्य एकही घातलेलं नाही. नायट्रोजन ॲल्युमिनियमच्या निदान चौपट असावा, अशी अट आली. म्हणजे वर केलेला हिशेब आता सक्तीचा झाला. टंगस्टन ०.०५ च्या आत, बोरॉन ०.००१ च्या आत, म्हणजे पी-९२ या धाकट्या भावाचे शब्द इथे नकोत. आणि तांबं, कथील, आर्सेनिक, अँटिमनी यांच्यावर नव्याने मर्यादा, काही तर हजाराव्या भागांत. ही चौघं कुणी मुद्दाम घालत नाही. ती भंगारातून येतात, मोटारींच्या वायरिंगमधून, डाग दिलेल्या पत्र्यांतून, आणि एकदा वितळलेल्या पोलादात मिसळली की भट्टीतल्या नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाहीत. त्यामुळे टाइप टू बनवणाऱ्याला भट्टी पेटवण्याआधी भंगाराच्या यार्डात जाऊन ढीग निवडावा लागतो.